पुढच्या महिन्याचं माप

मास्तरांच्या शिलाईच्या दुकानात तीस वर्षं एक नियम होता. गिऱ्हाइकाची कंबर वाढली तरी ते त्याला सांगायचं नाही. टेप फिरवायची, आकडा बघायचा, तोंडाने "तेवढीच आहे" म्हणायचं आणि वहीत खरा आकडा लिहायचा. गिऱ्हाईकही खूश आणि पँटही अंगाला बरोबर. "धडधडीत खोटं बोलता की हो," असं बायको म्हणायची. "खोटं तोंडात, खरं कापडात," मास्तर म्हणायचे. "याच्या उलट करणारे शिंपी उपाशी मरतात."

दुसरा नियम पोराटोरांच्या कपड्यांचा. माप आजचं घ्यायचं, पण कापड वाढत्या अंगाचं बेतायचं, कारण शिवून होईपर्यंत पोरगं दोन बोटं उंच झालेलं असतं. हा दुसरा नियम आपण लेकीला सांगायला नको होता, असं मास्तरांना पुढे फार वाटलं. पण चाललेली कात्री आणि निघून गेलेला शब्द, दोन्ही कधी कुणाला परत मिळाले आहेत?

लेक म्हणजे टाचणी. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर. घरीदारी टाचणीच, कारण अंगाने तशी आणि जिभेने त्याहून जास्त. शाळेच्या रोबोट संघात पाच जण होते, त्यातली ती एक. प्रयोगशाळेमागच्या अडगळीच्या खोलीत, जळक्या वायरींच्या वासात ही पाच डोकी दिवसभर वाकलेली असायची. त्यांच्या स्पर्धेची अट अशी की यंत्र आपल्याच वस्तीतल्या कुणाच्या तरी उपयोगाचं हवं. आदल्या वर्षी त्यांनी पुस्तकांची खोकी जिना चढवणारी गाडी केली होती. तेव्हापासून ग्रंथपालबाई या पाचांना उशिराचा दंड लावत नसत. यंदा कुणासाठी करायचं, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. त्या थंडीत मास्तरांच्या हातून कात्री निसटून पडली होती, आणि नंतर ती पुन्हा हातात ठरली नव्हती.

आजार असा, की एकेक स्नायू काम सोडत जातो. आधी हात, मग मान, मग पुढचं पुढे. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत. औषध नाही. "प्रत्येकाची गती वेगळी असते," एवढंच डॉक्टर म्हणाले होते, आणि मास्तरांनी त्या एका वाक्याच्या आडोशाला सहा महिने काढले होते.

पहिलं यंत्र म्हणजे हाताला बांधायचा चमचा. अंगठ्याने बटण दाबलं की तो तोंडाशी येणार. अंगठ्यात जोर किती, हे बघायला टाचणीने स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला आणि बाबांना त्यावर अंगठा दाबायला लावला. काटा सहाशे चाळीस ग्रॅम म्हणाला. पोरांनी शहाणपणा करून चारशे ग्रॅमला दबणारं बटण घेतलं. मग परीक्षा आल्या, एक मोटर जळली, नवी यायला तीन आठवडे लागले. चमचा घरी आला तेव्हा मास्तरांनी तोंड लाल होईपर्यंत जोर लावला, पण बटण ढिम्म हललं नाही. काट्यावर अंगठा ठेवून बघितला तर एकशे नव्वद.

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" म्हणत मास्तर हसले. दुसरं कुणी हसलं नाही.

दुसरं यंत्र मनगट वळवलं की चालायचं. तेही वरातीमागून घोडं. यंत्र आलं तोवर मनगट वळायचं थांबलं होतं. त्या दिवशी टाचणी जेवली नाही. लेकीचा पडलेला चेहरा बघवेना म्हणून मास्तर सहज बोलून गेले.

"अगं, यंत्रात काही खोट नाही. तुमचं माप चुकतंय. आजचं माप घेता आणि दोन महिन्यांनी शिवता. मी पोरांचे कपडे कसे बेततो? पुढचं माप धरून. तुम्हीही तसंच करा."

 टाचणी उठली आणि वजनकाटा घेऊन आली.

तेव्हापासून दर रविवारी मापं सुरू झाली: अंगठा, मनगट, हनुवटी. आकडे संघाच्या वहीत जायचे. त्या वहीचा रुबाब मोठा. पेनानेच लिहायचं, तारीख घालायची, पुसायचं काही नाही. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी सही करायची. मास्तरांना हे पसंत होतं. मापाची अदब राखणारं माणूस घरात निपजलं, याचं कौतुक वाटायचं. "काटा सपाट ठेव, डोळा आकड्यासमोर आण," असं ते बसल्या जागेवरून शिकवत आणि ती "माहितीये हो बाबा," म्हणून टोचत असे.

तिसरं यंत्र टेबलाला घट्ट बसवलेलं होतं. हनुवटीने एक पट्टी दाबायची की लोखंडी हात सूप उचलून तोंडापाशी आणणार. ते वेळेवर आलं, आणि चाललं! मास्तर स्वतःच्या मर्जीने अकरा चमचे सूप प्याले. दाराशी उभ्या बायकोला रिकाम्या हातांचं काय करावं ते सुचेना.

"बस की," मास्तर म्हणाले. "तूही गरम गरम घे."

चार महिन्यांत पहिल्यांदा नवरा-बायको एका वेळी जेवले. मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांनी टाचणीला तोंडावर शहाणी म्हटलं, आणि हे त्या घरात सहसा होत नसे.

स्पर्धेच्या दिवशी मास्तर चाकाच्या खुर्चीत, पहिल्या रांगेत. इस्त्रीचा शर्ट, स्वतःच शिवलेला, आता खांद्यावरून उतरणारा. यंत्राने सगळ्यांसमोर न सांडता सूप पाजलं. मग परीक्षकबाईंनी विचारलं, "पहिली दोन यंत्रं उशिरा पोचली म्हणता. तिसरं वेळेवर कसं आलं?"

सादरीकरणातला तो भाग संघातल्या उंच मुलाच्या वाट्याचा होता. त्याने बटण दाबलं आणि भिंतीएवढ्या पडद्यावर संघाच्या वहीतल्या तीन रेषा आल्या: अंगठा, मनगट, हनुवटी. तिन्ही उतरत्या. आजच्या तारखेपर्यंत रेषा सलग होत्या, पुढे ठिपक्यांच्या. खाली टाचणीचं अक्षर.

"आम्ही वापरकर्त्याचं पुढचं माप धरून यंत्र बेतलं," मुलगा म्हणाला.

"छान. मग हे किती दिवस वापरता येईल?"

मुलाचे डोळे चमकले. याचं उत्तर त्याला पाठ होतं. "पट्टी दाबायला साठ ग्रॅम लागतात. हनुवटीची रेषा साठवर येते इथे." त्याने काठीने ठिपका दाखवला. "नऊ आठवडे."

"फारच छान," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांचं लक्ष पहिल्या रांगेकडे गेलं. तोवर सभागृहाने टाळ्या सुरू केल्या होत्या.

मास्तरांनी टाचणीला शोधलं. ती यंत्रामागे वाकून एक स्क्रू आवळत होती. तो आधीच घट्ट होता.

रागवायचं तरी कुणावर? मुलगा खरं बोलला होता. लेकीने बापाने शिकवल्याप्रमाणेच बेतलं होतं. पण डॉक्टरांच्या त्या वाक्यात मास्तरांना ऐसपैस जागा होती; पडद्यावर नऊच आठवडे होते, पट्टी लावून आखलेले. संघाला पहिलं बक्षीस मिळालं. त्यांच्या सरांनी मास्तरांचा लोंबता हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. मास्तर हसले, कारण हसणं अजून जमत होतं.

पुढच्या रविवारी दुपार कलली तरी वजनकाटा बाहेर आला नाही.

"काटा कुठाय?" मास्तरांनी विचारलं.

"आज नको, बाबा. संपली ना स्पर्धा."

"मग ती ठिपक्यांची रेषा पुसून टाक."

"त्या वहीत पुसता येत नाही."

"चुकलेल्यावर रेघ मारता येते की."

"चुकली तर," टाचणी म्हणाली, आणि ओठ चावला.

"मग घे माप. बघू चुकते का."

मास्तरांचं एक गुपित होतं. शुक्रवारपासून त्यांनी मान उशीवरून उचललीच नव्हती. यंत्राचा आज कंटाळा आलाय असं सांगून बायकोच्या हातून जेवले होते. सगळा जोर त्यांनी या एका दाबासाठी साठवून ठेवला होता. पोरकटपणा होता, त्यांनाही कळत होतं. पण एकदा, एकदाच त्या रेषेच्या वर जायचं होतं. लेकीचं गणित चुकवायचं होतं.

टाचणीने टेबलावर पुस्तकांची चवड रचून त्यावर काटा ठेवला. मास्तरांनी हनुवटी टेकवली, डोळे मिटले आणि होतं नव्हतं ते सगळं लावलं. कपाळाची शीर टरारली. बायको ओले हात तसेच धरून उभी राहिली. मग जोर संपला.

आकडा टाचणीच्या बाजूला होता. हनुवटीखालचं मास्तरांना दिसत नव्हतं.

टाचणीने आकडा पाहिला. वही उघडली, रेषेवर बोट ठेवून आजच्या तारखेपर्यंत नेलं आणि तिथेच थांबली.

"किती गं? वर आहे ना?"

"तेवढंच आहे, बाबा," टाचणी म्हणाली. "गेल्या रविवारएवढंच."

आणि मान खाली घालून तिने वहीत आकडा लिहिला.

मास्तर तिच्या पेनाकडे बघत राहिले. तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने त्यांना वही दाखवा म्हटलं नव्हतं. त्यांनीही म्हटलं नाही.