नवं मॉडेल येईपर्यंत

बाजारात त्याला पाठीमागे सगळे ग्रॅमसाहेब म्हणायचे. वजनमाप खात्यात तो निरीक्षक होता. दुकानदारांचे काटे तपासायचे, बरोबर असले तर शिक्का मारायचा, नसले तर जप्त करायचे, हे त्याचं काम. पारड्याखाली चिकटवलेलं चुंबक, कडेला हळूच टेकलेला अंगठा, असले प्रकार त्याला रस्त्याच्या पलीकडून दिसायचे. भाजीवाले म्हणायचे, हा माणूस आधी माशी हाकलतो आणि मग वजन करतो.

असा माणूस गाडी घ्यायला निघाला म्हणजे ती चट मंगनी पट ब्याह अशी येणार नव्हतीच.

गाडी हवी होती आईसाठी. दोन वर्षांपूर्वी आईची मूत्रपिंडं निकामी झाली. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे आठवड्यातून तीन दिवस चार-चार तास यंत्राला जोडून रक्त शुद्ध करून घ्यायचं, आणि डायलिसिसचं केंद्र होतं शेहेचाळीस किलोमीटरवरच्या मोठ्या रुग्णालयात. आई बसने जायची. स्कूटरवर तिला बसवत नव्हतं आणि टॅक्सी आठवड्यातून तीनदा परवडणारी नव्हती. सुनेने हट्टाने एकदा टॅक्सी ठरवली, तर पुढच्या वेळी आई गुपचूप बसथांब्यावर जाऊन उभी राहिली. म्हणे, बंद गाडीत मळमळतं.

"मग आपली गाडी आली की काय टपावर बसणार आहात?" सून म्हणाली. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती आणि बोलताना भूल द्यायची सवय तिला नव्हती.

"आपल्या गाडीत नाही मळमळत," आई म्हणाली. "तिचं भाडं चढत नसतं ना."

फेब्रुवारीत तो आणि बायको जुन्या गाड्यांच्या आवारात गेले. तिथे एक पांढरी इलेक्ट्रिक गाडी होती, तीन वर्षं वापरलेली, डाव्या दारावर एक ओरखडा. दलाल म्हणाला, "साहेब, आधीचे मालक फक्त मुलांना शाळेत सोडायचे." जुन्या गाडीचा मालक शाळेपलीकडे कधी जातच नसतो, हे ग्रॅमसाहेबांना माहीत होतं. त्याने गाडी तीन वेळा चालवून पाहिली. मागे वाळूची दोन पोती, दिवे चालू, हीटर चालू, आणि दर दहा किलोमीटरला वहीत बॅटरीची टक्केवारी. हिशेब निघाला तो असा: बॅटरीच्या मूळ क्षमतेपैकी एकोणनव्वद टक्के शिल्लक, वाईटातल्या वाईट दिवशीही दीडशे किलोमीटर जाईल. जाऊन-येऊन अंतर ब्याण्णव.

"म्हणजे पुरते," बायको म्हणाली.

"पुरून उरते," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी मामा आला. हा आईचा धाकटा भाऊ, निवृत्त ट्रकचालक. त्याने हौसेने एक इलेक्ट्रिक गाडी घेतली होती आणि तीनच आठवड्यांत कंपनीने तिचं नवं मॉडेल काढलं होतं. ही गोष्ट तो घरातल्या मयताची सांगावी तशी सांगायचा.

"भाच्या, तीन आठवडे. रंग उडाला नाही, सीटवरचं प्लास्टिक निघालं नाही, आणि विकायला गेलो तर समोरचा म्हणतो, हे जुनं मॉडेल. अठरा टक्के गेले रे, उभ्या-उभ्या. आणि तुझ्या या पांढरीचं नवं मॉडेल एप्रिलमध्ये येतंय. दोन महिने थांबलास तर बिघडलं काय?"

"मामा, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये म्हणतात," बायको म्हणाली.

"पळतं कुठे गं सूनबाई? ते आपल्याच दिशेने चालत येतंय."

अठरा टक्के म्हणजे थोडकी रक्कम नव्हती. आईला रक्त वाढवायची जी इंजेक्शनं लागत, ती त्यात सव्वा वर्ष आली असती. त्याने हे मोठ्याने बोलून दाखवलं, आणि आईने तिथेच निकाल दिला. तिने आयुष्यभर लोकांचे कपडे शिवून घर चालवलं होतं. कापडाचा गठ्ठा हंगाम संपल्याशिवाय तिने कधी उचलला नव्हता. "पहिल्या भावाला हो म्हणतो तो गिऱ्हाईक नव्हे, पाहुणा," ती म्हणाली. "थांबू या. बस काय मला खात नाही."

बायको उठून भांडी घासायला लागली. नेहमीपेक्षा जरा जोरात.

त्याने स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर आलेखाचा कागद चिकटवला. दर रविवारी त्या जातीच्या जुन्या गाड्यांचे जाहिरातींतले भाव पाहायचे, सरासरी काढायची, एक टिंब द्यायचं. मागच्या वेळी नवं मॉडेल आल्यावर भाव दोन आठवड्यांत अठरा टक्के कोसळले होते, त्याची रेघ त्याने शेजारीच लाल शाईने काढून ठेवली. आई चष्मा लावून टिंबं पाहायची. "आज वर की खाली?" तिला त्यात रस वाटायला लागला होता. घरात आणखी एक वही होती, आईच्या वजनाची. मूत्रपिंडं बंद असली की प्यायलेलं पाणी अंगातच साठतं, म्हणून रोज सकाळी वजन घ्यायचं. पन्नास किलो हे तिचं कोरडं वजन. त्यावर दोन किलो चढले की केंद्राला कळवायचं. वजनकाटा त्याने स्वतः तपासून घेतला होता आणि न्हाणीघरात जिथे फरशी पाणसळीने अगदी सपाट निघाली तिथे, बेसिनच्या शेजारी, ठेवला होता. आई आतून आकडा सांगायची, तो बाहेर लिहून घ्यायचा. "एक्कावन्न दोनशे." "पन्नास नऊशे." मर्यादा कधीच ओलांडली गेली नाही.

एप्रिल आला, नवं मॉडेल आलं नाही. कंपनीने जून सांगितला. जूनमध्ये "लवकरच" सांगितलं. भाव दोन टक्के उतरून तिथेच बसला. दलालाचा फोन आला की तो म्हणायचा, "बघू." दलालही वैतागून म्हणाला, "साहेब, एवढं तर लोक जावई शोधतानाही बघत नाहीत."

जुलैतल्या एका सोमवारी, शनिवार-रविवारची सुट्टी अंगावर घेऊन, आई सकाळच्या बसने निघाली. वहीत आकडा होता एक्कावन्न चारशे. अर्ध्या वाटेवर तिला श्वास पुरेना. ओठ निळे पडले. बसच्या चालकाने पुढचे सगळे थांबे सोडले आणि प्रवाशांसकट बस रुग्णालयाच्या फाटकात नेऊन उभी केली. ग्रॅमसाहेबांना फोन आला तेव्हा तो एका कांदेवाल्याच्या काट्यावर शिक्का मारत होता.

तो पोचला तोपर्यंत आईच्या नाकातोंडावर मास्क बसला होता. फुप्फुसांत पाणी भरलं होतं. परिचारिकेने सांगितलं, "चौपन्न किलो सहाशे भरल्या. साडेचार किलोच्या वर पाणी आहे अंगात."

"शक्य नाही," तो म्हणाला. "सकाळी एक्कावन्न चारशे होतं. तुमचा काटा शेवटचा कधी तपासलाय?"

परिचारिकेने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि ती कामाला लागली.

तो खरोखरच दुपारी कार्यालयात गेला. प्रमाणित वजनं काढली: वीस, वीस आणि दहा किलोची. घरी जाऊन ती न्हाणीघरातल्या काट्यावर ठेवली. बरोबर पन्नास. मग रुग्णालयाचाच काटा चुकत असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी ती लोखंडी वजनं त्याने हातगाडीवर घालून रुग्णालयात नेली, आणि रुग्णालयाच्या काट्यानेही पन्नासच दाखवले. दोन्ही काटे खरे. त्याने वजनं एकेक करून परत हातगाडीवर ठेवली. दोन काटे खरे आणि आकडे वेगळे, म्हणजे खोट वजन होणाऱ्यात, हे त्याने किती दुकानदारांना समजावलं होतं.

डायलिसिसच्या यंत्रावर काम करणारा तंत्रज्ञ चाळिशीचा, शांत माणूस होता. त्याने फाइल आणून समोर ठेवली. "तुम्ही मुलगा ना? तुम्हाला ठाऊक असेल असं वाटलं होतं. त्या चार तास पूर्ण बसतच नव्हत्या. साडेनऊला यंत्र लागतं, दीडला सुटतं. त्यांची बस एक वाजून पाच मिनिटांची, आणि पुढची सव्वाचारची. डायलिसिसनंतर तीन तास थांब्यावरच्या बाकावर बसवत नाही म्हणायच्या, चक्कर येते. मग साडेबारालाच उठायच्या. स्वतःच्या जबाबदारीवर, अशी सही घेतो आम्ही. मी रागवायचो. वजन चढतंय, घरून कुणाला तरी आणा म्हणायचो. त्या म्हणायच्या, मुलगा गाडी घेतोय, एवढा महिना चालवून घ्या."

"कोणता महिना?"

"प्रत्येकच."

फाइलमध्ये फेब्रुवारीपासूनच्या एक्कावन्न सह्या होत्या, शिवणाच्या टाक्यांसारख्या बारीक आणि एकसारख्या. त्याने बुडालेल्या वेळांची बेरीज केली. एकोणपन्नास तास दहा मिनिटं. चाराने भागलं तर बारा डायलिसिस आणि वर थोडं.

घरी जाऊन तो न्हाणीघरात काट्यावर उभा राहिला. डावा हात बेसिनच्या कडेवर ठेवला, दाबला नाही, नुसता ठेवला. दीड किलो गेले. जरा भार दिला. तीन किलो दोनशे गेले. हातात काही जोर लावल्यासारखंही वाटत नव्हतं. दारात बायको येऊन उभी होती. तिने काट्याकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं.

"अख्ख्या बाजाराचे अंगठे दिसतात तुला," ती म्हणाली.

आईचा मास्क निघाल्यावर त्याने तिला विचारलंच. "आई, वजन करताना बेसिनला हात लावायचीस?"

"पाय घसरतो रे तिथे," आई म्हणाली आणि तिने कूस बदलली. थोड्या वेळाने तिकडे तोंड करूनच म्हणाली, "आकडा वाढला असता तर तू दुसऱ्याच दिवशी गाडी आणली असतीस. पुऱ्या भावाने."

हृदयाच्या डॉक्टरांनी त्याला खोलीत बसवून सांगितलं. महिनोन्महिने जास्तीचं पाणी ढकलून हृदय ताणलं गेलं होतं. आता ते पाव भागानेच चालत होतं. पुढची अडचण अशी की डायलिसिस तर हवंच, पण दुबळ्या हृदयाला ते पुरतं सोसणार नाही. दोन तासांच्या आसपास रक्तदाब कोसळेल आणि थांबवावं लागेल. जेवढं पाणी काढायला हवं तेवढं निघणार नाही.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"दिवस नाही, महिने. पण वर्ष धरू नका."

बारा दिवसांनी नवं मॉडेल बाजारात आलं. रविवारी त्याने भाव पाहिले नाहीत. दलालाचाच फोन आला. मोठा आवाज. "मानलं साहेब तुम्हाला. साडेसतरा टक्के पडली. पांढरी अजून इथेच आहे, तुमचीच वाट बघतेय." त्याचा आलेख अर्ध्या टक्क्याने चुकला होता. त्याच्या कामात एवढी चूक माफ असते.

तो गेला आणि म्हणाला, "फेब्रुवारीतल्या भावाने पावती करा."

दलालाला वाटलं, थट्टा चाललीय. मग त्याने साहेबांचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं. "तसं होत नाही साहेब. मला आजचाच भाव लिहावा लागतो." बायकोने नवऱ्याच्या कोपराला हात लावला. त्याने सही केली.

बुधवारी सकाळी आईला मागच्या सीटवर दोन उशांना टेकवून बसवलं. तिने नवी ओढणी घेतली होती. गाडीला आवाज नाही, याचं तिला फार नवल वाटलं. "चालू झाली का रे?" तिने दोनदा विचारलं. फाटकाबाहेर पडल्यावर म्हणाली, "कितीला पडली शेवटी?"

त्याने सांगितलं. आईने डोळे मिटले, ओठ हलले. हिशेब अजून तोंडी करायची ती.

"साडेसतरा," ती म्हणाली. "बघ. थांबलो ते बरं झालं की नाही?"

पुढच्या सीटवर बायकोने मान खिडकीकडे फिरवली. रस्ता सरळ होता, रहदारी नव्हती, उत्तर न द्यायला कसलंच निमित्त नव्हतं.

"हो आई," तो म्हणाला.

"मामाला कळव. त्याला बरं वाटेल." दर तीन-चार शब्दांनंतर तिला थांबावं लागत होतं. बसथांब्यावर माणसं उभी होती, ती दिसल्यावर तिने काचेतून हात केला. बहुतेक कुणी ओळखीचं असावं. आरशात तो तिचे श्वास मोजत होता. मिनिटाला बत्तीस.

साडेनऊला यंत्र लागलं. आईने तंत्रज्ञाला बजावलं, आज गाडी आणलीय, खाली उभी आहे, पांढरी. तो म्हणाला, "अरे वा." अकरा वाजून वीस मिनिटांनी रक्तदाब दाखवणारा आकडा नव्वदवर आला, मग ऐंशी, मग बहात्तर. यंत्राने ओरडायला सुरुवात केली. तंत्रज्ञाने पलंगाची पायाकडची बाजू उंच केली, थोडं सलाइन सोडलं, पाच मिनिटं वाट पाहिली आणि यंत्र थांबवलं.

आई घामाने भिजली होती. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"का थांबवलं?" ती म्हणाली. "मला आज कुठे बस पकडायचीय? बसते की मी चार तास."

तंत्रज्ञाने नळ्या सोडवायला घेतल्या. "आई, आज एवढंच."

"अरे पण गाडी आहे खाली," आई म्हणाली, आणि तिने मुलाकडे पाहिलं, त्याने या माणसाला नीट समजावून सांगावं म्हणून.