काढलेले उंबरे

टक्. शांत घरात चौकटीवर काठी आपटल्याचा आवाज झाला आणि चिकागेचे तांदूळ धुणारे हात थबकले. सासूबाई पुन्हा दारात अडकल्या होत्या.

कंपवाताने सासूबाईंची, फुसाएबाईंची, जीभ अजून बोथट केली नव्हती, पण दाराशी आलं की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होत. त्या अडखळू नयेत म्हणून चिकागेच्या नवऱ्याने घरातले सगळे उंबरे काढून जमीन सपाट केली, तर दुखणं वाढलंच. दोनदा पडल्या. "आता पडली तर आईला वृद्धाश्रमात ठेवायचं," नणंदेने बजावलं होतं.

आज किरियामाबाई आल्या. म्हाताऱ्या माणसांना वावरता येईल अशी घरं बदलून देणं हे त्यांचं काम. पण परकं माणूस येणार म्हटल्यावर सासूबाईंनी ठेवणीतलं रेशमी जाकीट चढवलं, ताठ बसून चहा दिला.

"मला कसली अडचण? सूनबाईच उगीच घाबरते."

परक्यासमोर सासूला खोटं कसं पाडायचं? चिकागेने लोणच्याची बशी पुढे केली.

किरियामाबाईंनी मोजपट्टी बाहेर काढलीच नाही. मुळ्याच्या लोणच्याची फोड तोंडात टाकून म्हणाल्या, "काय चव आहे हो! कशात मुरवता?"

"तांदळाच्या कोंड्यात! चला, बरणीच दाखवते."

बोलण्याच्या नादात सासूबाई उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात खिळल्या. चिकागे धावली. किरियामाबाईंनी तिला हातानेच थांबवलं, पिशवीतून लाल चिकटपट्टी काढली आणि उंबरा होता तिथे आडवी चिकटवली.

"उंबऱ्यावर पाय पडू देऊ नका हं, फुसाएबाई."

"मला शिकवतेस? उंबऱ्यावर पाय देणाऱ्या घरातली नाही मी!" म्हणता म्हणता पाय उचलला आणि त्या पलीकडे गेल्यासुद्धा. मग मागे वळून पट्टीकडे बघतच राहिल्या.

"समोर आडवी रेघ दिसली की या दुखण्यात पुष्कळांचा पाय सुटतो," किरियामाबाई म्हणाल्या. "आणि तुमचे पाय तर लहानपणापासून ओलांडायला शिकलेले. ओलांडायला काही उरलंच नाही, मग बसले वाट बघत."

"अगं, मग आधी का नाही आलीस?"

"बोलावलं कुठे होतंत?"

सासूबाई खळखळून हसल्या. किती दिवसांनी!

मग भिंतीवर जिथे जिथे सासूबाईंच्या हाताने डाग पडले होते, तिथे तिथे किरियामाबाईंनी आधाराच्या दांड्यांच्या खुणा केल्या. या बाईला भिंतसुद्धा वाचता येते, चिकागेच्या मनात आलं. संध्याकाळपर्यंत न्हाणीघराच्या दारातही पट्टी होती, आणि सासूबाई कुणाचा हात न धरता आंघोळीला गेल्या. चिकागेने नणंदेला फोन लावला. "ताई, आई कुठेही जाणार नाहीत."

चिकागेची चार वर्षांची मुलगी नागी इकडे पट्ट्यांवरून उड्या मारत होती. मध्येच थांबली.

"मम्मा, आजीचे हातपण पायांसारखे थांबले, तर पट्टी कुठे लावायची?"