टाकून दिलेले श्वास

मुलगी यकृताची सोनोग्राफी करणारी डॉक्टर आणि पेशंट तिचे स्वतःचे वडील. हे व्हायला नको, असं विभागात सगळ्यांनाच वाटत होतं. पण बाबांनी हट्टच धरला. "परक्याच्या हाताखाली मी नाही झोपायचो. माझी डॉक्टर घरात आहे." जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेल्या माणसाशी कोण हुज्जत घालणार? अडलेली गोष्ट हलेपर्यंत सोडायची नाही, ही त्यांची जुनी खोड.

त्यांच्या यकृतातली कर्करोगाची गाठ सुईनं जाळून टाकली होती. नवी उगवते का, एवढंच बघत राहायचं होतं. लहान असताना सापडली तर तीही जाळता येते. मोठी झाली की मग हात टेकायचे.

यकृत काही एका जागी बसत नाही. श्वास घेतला की खाली सरकतं, सोडला की वर जातं आणि पडद्यावरचं चित्र डुलत राहतं. त्यावर विभागात एक प्रोग्राम होता. आपण एक स्थिर चित्र निवडून द्यायचं. बाकीची चित्रं तो सरकवून त्याच्यावर नेमकी बसवायचा आणि जी फारच लांब गेली असतील ती टाकून द्यायचा. मग यकृत कसं शहाण्या मुलासारखं गप्प बसायचं. मुलीचा यात हात बसलेला होता. नवे डॉक्टर तिच्याकडूनच शिकायचे.

मागच्या तपासणीला बाबांच्या बरगड्या दुखत होत्या. यकृताचा अगदी वरचा भाग बरगड्यांच्या आड असतो, मोठा श्वास घेऊन तो खाली आल्याशिवाय नीट दिसत नाही. इतर पेशंटना ती दरडावून श्वास घ्यायला लावायची. बाबांना मात्र म्हणाली, "हळूच घ्या, बाबा. जमेल तेवढाच."

"घेतो की! मी काय म्हातारा झालोय?" म्हणत त्यांनी दोन-तीन दणदणीत श्वास ओढले, कळवळले आणि वर तिच्याकडे बघून हसले.

"पुरे, बाबा," म्हणून तिनं त्यांना थांबवलं. पुढे प्रोग्रामला शांत श्वासातलं चित्र निवडून दिलं. त्यानं चित्रफीत स्वच्छ करून दिली आणि तिनं तेवढीच पाहिली. "काही नाही, बाबा. सगळं साफ आहे." त्या दिवशी आईनं तिला घट्ट पोटाशी धरलं होतं.

आज नवी गाठ दिसली. चांगली मोठी, रक्तवाहिनीला चिकटलेली. जाळायची वेळ निघून गेली होती.

शेजारच्या खोलीत जाऊन तिनं मागची तपासणी उघडली, या वेळी प्रोग्राम न लावता. चित्र डुलत होतं. मोठ्या श्वासाला यकृत खाली आलं आणि वरच्या कडेला वाटाण्याएवढा डाग दिसला. श्वास सुटताच गेला. पुढच्या मोठ्या श्वासाला परत तिथेच. बाबांनी कळ सोसून तो दाखवला होता. तिनं निवडलेल्या चित्राशी जुळेना म्हणून प्रोग्रामनं नेमका तेवढाच भाग फेकून दिला होता. प्रोग्रामला काय बोल लावायचा? चित्र तिनं निवडलं होतं. तिला स्वतःची किळस आली.

विभागप्रमुखांना सगळं सांगून ती परत आली तेव्हा बाबा शर्टाची बटणं लावत बसले होते. तिनं त्यांनाही सांगितलं, काही न वगळता.

"तेव्हा दिसली असती तर?"

"जाळता आली असती."

बाबांचा हात बटणावरच राहिला. मग ते भडकले. "मला कशाला जपत बसलीस? दुखलं असतं तर दुखलं असतं!"

तिला रडू फुटलं. त्यांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "हे आईला सांगायचं नाही."

"बाबा, तिच्यापासून मी कसं लपवू?"

"लपवायचं. ती तुला माफ करायची नाही, मी ओळखतो तिला. आणि मी गेल्यावर तुम्हाला दोघींना एकमेकींशिवाय आहे कोण?"

तेवढ्यात दार ढकलून आई आत आली. गाठीचं तिला विभागप्रमुखांनी नुकतंच सांगितलं होतं, बाकी काही नाही. रडून डोळे सुजले होते. तिनं मुलीचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"तू मनाला लावून घेऊ नकोस गं. तू किती जपलंस त्यांना. मागच्या वेळी तू बघितलं होतंस, म्हणून तर इतके दिवस मी निवांत झोपले."

मुलीनं बाबांकडे पाहिलं. ते नकारार्थी मान हलवत होते.

ती आईच्या कुशीत शिरली आणि काहीच बोलली नाही.