आईकडे द्या त्याला

१९६३ साली आमचा थोरला नऊ महिन्यांचा होता, आणि त्याला आजीला दाखवायला आम्ही आगगाडीनं निघालो. आम्ही म्हणजे मी, हे आणि माझ्या मोठ्या जाऊबाई. सासूबाई तेव्हा नणंदेकडे असायच्या. गुडघ्यांमुळे त्यांना प्रवास झेपत नव्हता, त्यामुळे नातू त्यांनी फक्त फोटोत पाहिलेला.

मी मनाशी एकच ठरवलं होतं. स्टेशनवर उतरताना मूल माझ्या कडेवर हवं.

याला कारण होतं. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. दिवसभर लोकांना एकमेकांशी जोडून द्यायचं, आणि माझं मूल घरी जाऊबाईंपाशी. त्या एका दुकानासाठी शर्टांच्या कॉलरी शिवायच्या. मशीनला लागूनच त्याचा पाळणा. त्यांना स्वतःला मूल झालं नव्हतं. संध्याकाळी मी आले की तो हसायचा, पण कडेवर घेतला की लगेच मान वळवून त्यांना शोधायचा. शेजारणी म्हणायच्या, "नशीबवान आहेस गं, घरातच माणूस मिळालं." मी हो हो म्हणायचे आणि आतून जळायचे.

गाडीत समोरच्या बाकावर एक विणकाम करणाऱ्या बाई होत्या. मी बाटली धुवायला गेले, तेवढ्यापुरतं त्याला जाऊबाईंकडे दिलं. परत येते तर बाई विचारत होत्या, "पहिलंच का हो?"

"हो, पहिलंच," जाऊबाई म्हणाल्या.

"रात्री झोपू देतो का?"

"फार गुणी आहे."

एकही शब्द खोटा नव्हता, तेच तर! हे वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसलेले. मी हात पुढे केले. "द्या इकडे."

"मावशीलाही हवाय वाटतं!" बाई म्हणाल्या.

जाऊबाई हसल्या. नुसत्या हसल्या. मला वाटलं, आता सांगतील, मग सांगतील. त्यांनी त्याच्या टोपीची गाठ सारखी केली आणि त्याला माझ्याकडे दिलं.

माझ्या मांडीवर तो छान झोपला. मी जाऊबाईंकडे मुद्दाम बघितलंसुद्धा. पण पुढे कुठेतरी माळावर गाडी थांबली ती थांबलीच. सिग्नल मिळेना. हा जागा झाला आणि त्यानं जे भोकाड पसरलं! खांद्यावर घेतला, खुळखुळा वाजवला, दूध दिलं, ते त्यानं माझ्याच अंगावर उडवलं. जाऊबाईंचे हात मांडीवरून उठायचे आणि परत खाली जायचे. मी तिकडे बघतच नव्हते.

शेवटी विणकामवाल्या बाई वैतागल्या. "अहो मावशी, किती छळाल लेकराला? आईकडे द्या त्याला!"

ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्या खाली बघत होत्या.

"मीच आई आहे," मी म्हणाले. एक्स्चेंजमध्ये लाइन खराब असली की काढायचे, तसा आवाज लागला. सगळा डबा बघायला लागला.

"अगंबाई! मग ह्या कोण?"

जाऊबाई काहीतरी पुटपुटल्या.

"काय म्हणालात?"

"काकू," त्या म्हणाल्या. "काकू आहे मी त्याची."

तेवढ्यात गाडीला झटका बसला आणि चाकं फिरायला लागली. खडखड लय धरली तसा हा पठ्ठ्या हुंदके देत देत गप्प झाला आणि माझ्या खांद्यावर मान टाकून झोपला.

"आई कळतेच हो लेकराला," बाईंनी लगेच बाजू बदलली.

मी अभिमानानं फुगले. बऱ्याच वेळानं जाऊबाई हळूच म्हणाल्या, "गाडीच्या आवाजानं झोपला गं. मशीन चालू असली की असाच झोपतो."

खरं होतं, म्हणून तर जास्त झोंबलं. "असू दे," मी म्हणाले. "झोपलाय तर माझ्याच खांद्यावर ना?"

त्या उतरेपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसल्या.

स्टेशनवर मी त्याला घेऊन पहिली उतरले. हाताला मुंग्या आल्या होत्या, तरी ह्यांच्याकडेसुद्धा दिला नाही. सासूबाई काठी टेकत पुढे आल्या, त्याची हनुवटी धरली आणि ओरडल्या, "अगं, हा तर हुबेहूब माझा मोठा!"

मोठा म्हणजे जाऊबाईंचा नवरा.

मागे सामानाशी उभ्या असलेल्या जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या, ते मी पुन्हा वळून पाहिलं नाही.

सासूबाई पुढच्याच वर्षी गेल्या. मोठे दीरही फार जगले नाहीत. धाकटी झाली तेव्हा मी नोकरी सोडली. तिला जाऊबाईंनी कधी आपणहून उचललं नाही, आणि मीही कधी दिली नाही. हे जाऊन आता आठ वर्षं झाली. जाऊबाई नजर अधू होईपर्यंत कॉलरी शिवत राहिल्या. थोरला पूल बांधणारा इंजिनिअर झाला, परगावी असतो. जाऊबाईंच्या शेवटच्या आजारपणात तो महिनाभर रजा काढून त्यांच्या उशाशी बसला होता. माझ्या मोतीबिंदूच्या वेळी मात्र शनिवार-रविवारपुरता आला.