येते म्हणाली

"जाते म्हणू नये गं. येते म्हणावं."

आत्याचा हा आवाज कात्रीच्या कानात लहानपणापासून मुक्कामाला होता. शाळेला निघताना एक बूट पायात, दुसरा हातात, आणि तोंडाने "आत्या, जाते" म्हणावं, की आतून भांड्यांच्या खणखणाटातून तो आवाज यायचाच. मग परत उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं, शहाण्यासारखं "येते" म्हणायचं, आणि आत्याने म्हणायचं, "ये." ते एवढंसं 'ये' दप्तरात पडलं, की दिवसभर जग कितीही मोठं झालं तरी हरवायची भीती नाही. "निघणाऱ्याच्या शब्दाचं टोक दारात अडकवून ठेवावं," आत्या म्हणायची, "म्हणजे त्याच धाग्याने तो परत येतो."

आत्या दूर राहिली, कात्री मोठी झाली, आणि ही रीत तिने स्टुडिओत आणली. माणसांसाठीच नव्हे, हार्ड डिस्कसाठीही.

स्टुडिओ म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. एकीत माइक आणि गाद्यांनी मढवलेल्या भिंती, दुसरीत कात्रीचं टेबल. रेडिओच्या गोष्टी, जाहिराती, नाटुकली, सगळं तिथे व्हायचं. ती आवाज कापायची, म्हणून कात्री. लोकांच्या बोलण्यातले अं, अँ, म्हणजे, तसं बघायला गेलं तर, हे सगळं ती इतक्या अलगद काढायची की बोलणाऱ्यालाच आपल्या वक्तृत्वाचं नवल वाटावं. आवाज टिपायचा तो कानोबा. दोन जिन्यांवरून येणारं माणूस कोण, हे तो चपलांवरून सांगायचा, म्हणून कानोबा. आणि दोघांच्या वर मालकीणबाई, ज्यांना अख्खी इमारत काकू म्हणत असे.

काकूंनी हौसेने नवा कॉम्प्युटर घेतला. तो इतका सडपातळ निघाला, की त्याच्या अंगाला भोकं दोनच. एक विजेचं, एक बाकी सगळ्या जगाचं. मग त्या एका भोकाला लटकवला एकाची चार भोकं करणारा तळहाताएवढा हब, आणि हबला लटकला सगळा संसार. जुनी, जाडजूड, घरघरणारी हार्ड डिस्क ती थोरली. नवी, चपटी, गुणाची ती धाकटी. शिवाय माउस, कीबोर्ड. एका ताटात इतकी तोंडं म्हटल्यावर कुणाचं पोट भरायचं? थोरलीला भूक दांडगी. घास कमी पडला, की ती टक्-टक् करायची आणि पडद्यावरून दिसेनाशी व्हायची.

"गेली," पहिल्यांदा काकूंनी टाहोच फोडला.

"गेली म्हणू नये, काकू," कात्री म्हणाली. "येते म्हणाली, असं म्हणावं."

आणि थोरली खरंच आली. केबल काढून पुन्हा लावली, आणि आली. तेव्हापासून स्टुडिओत कुठलीही डिस्क गेली नाही, येते म्हणाली. काकूंना ते इतकं अंगवळणी पडलं, की एकदा एका जाहिरातवाल्याला त्यांनी फोनवर सांगितलं, "तुमचं काम थोरलीकडे आहे हो, पण थोरली आत्ताच येते म्हणाली." तो भला माणूस म्हणाला, "सावकाश येऊ द्या. वयाच्या असतील. जिना फार उंच आहे तुमचा."

यावर कात्री आणि कानोबा इतके हसले, की माइकच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यावं लागलं. तिथल्या गाद्यांनी सगळं हसू पिऊन टाकलं. तरी थोडं उरलंच.

पुढे इलाज सापडला. हबला स्वतःचा अडॅप्टर लावायचा, भिंतीतली वीज थेट त्याच्या पोटात. कॉम्प्युटरच्या ताटातलं उष्टं खायची पाळी उरली नाही आणि थोरली लेकुरवाळीसारखी नांदायला लागली.

आज तो अडॅप्टर जागेवर नव्हता. तो कात्रीच्या पिशवीत होता. डब्याच्या खाली, रुमालात गुंडाळलेला.

कारण आज कानोबा निघणार होता. समुद्रकाठच्या एका लहान गावी नवं रेडिओ केंद्र निघालं होतं, तिथे त्याला बोलावलं होतं. थोरलीत त्याने इतक्या वर्षांत टिपलेले सगळे आवाज होते. दारांची करकर, किटलीची शीळ, लिफ्टचा उसासा, कुणाची तरी धाव. ते सगळं धाकटीत उतरलं की धाकटी त्याच्या झोळीत, आणि तो संध्याकाळच्या बसमध्ये. उतरलं नाही, तर बस चुकली. एवढा साधा हिशेब कात्रीने सकाळी अडॅप्टर उपसताना केला होता. त्याच्या पलीकडचा केला नव्हता.

पलीकडे एक प्रश्न होता. मागच्या आठवड्यात माइकची तार गुंडाळता गुंडाळता, तिच्याकडे न बघता, कानोबा म्हणाला होता, "तिथे कापणारंही माणूस हवंय. आणि नुसतं कापायलाच असं नाही. येतेस?"

कात्रीच्या डोक्यावर हेडफोन होता. छातीत असा काही नगारा वाजला, की तिने पडद्याकडे बघून मान डोलवली, जणू गाणंच ऐकते आहे. त्याने पुन्हा विचारलं नाही. विचारेल, विचारेल म्हणून तिने सात वेळा हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तो नुसता तारा गुंडाळत राहिला. आता पुन्हा न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं कसं? आणि उत्तर दिल्यावाचून माणूस जाऊ द्यायचा कसा?

"येते म्हणाली," काकू पडद्याजवळून ओरडल्या. "कात्रे, पुन्हा येते म्हणाली बघ."

"अगंबाई," कात्री म्हणाली, आणि पिशवी पायाने आणखी आत सरकवली.

काकूंनी पदर खोचला. हबखाली ओला रुमाल ठेवून झाला. पंखा बंद करून झाला, कारण "तिला वारं बाधत असेल". केबल उजवीकडून डावीकडे घेतली. मग सगळ्यांना चपला काढायला लावल्या, कारण जमीन हादरते. मग श्वास हळू घ्यायचा हुकूम निघाला.

"काकू, शिंक आली तर?" कानोबाने विचारलं. तो आपल्या बॅगेवर मांडी घालून बसला होता, लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखा निवांत.

"जिन्यात जाऊन शिंका. आणि तू काय रे, तुझीच वस्तू अडली आहे आणि बसलास ढिम्म? तो अडॅप्टर शोध की."

"शोधतोय की."

"बसून?"

"कानाने शोधतोय," तो म्हणाला आणि छताकडे बघू लागला.

कात्रीने थोरलीची केबल पुन्हा लावली. हिरवा दिवा लुकलुकला. तिची गंमत अशी झाली होती, की दिवा लागला की जीव हरखायचा आणि विझला की भांड्यात पडायचा. नको जाऊस गं, नको टिकूस गं, दोन्ही एकाच श्वासात. हसू तर ओठांच्या कडेला येऊन बसलं होतं, हाकललं तरी हलेना. मग ती थोरलीलाच गुणगुणून समजावू लागली:

"ओत गं थोरल्या बाई, ओत हळूहळू,
धाकट्या बाईची घागर नको हिंदकळू."

"सुरात आहे," कानोबा म्हणाला. "टिपून ठेवायला हवं होतं."

थोडं उतरलं, आणि थोरली येते म्हणाली. कात्रीने कपाळाला हात लावला.

"आलं तेवढं धड आलंय का बघ," काकू म्हणाल्या. "नाहीतर हा तिकडे जाऊन पेटी उघडायचा आणि आत नुसती खरखर." आणि त्या शेजारच्या दुकानात अडॅप्टर मागायला खाली उतरल्या, चपला हातात घेऊन.

कात्रीने हेडफोन चढवला. धाकटीत उतरलेल्यांपैकी शेवटचं जे दिसलं, ते उघडलं. नाव होतं 'खोलीची शांतता'. कानोबा रोज संध्याकाळी, सगळे निघाले की, रिकाम्या खोलीचा आवाज टिपून ठेवायचा. दोन वाक्यांच्या मध्ये जोडायला अशी शांतता लागते, हे ती जाणून होती. तिनेच तर ती वारभर, हातभर कापून वापरली होती. पण ती नेहमी मधूनच उचलायची. सुरुवात कधी ऐकली नव्हती.

सुरुवातीला तिचाच आवाज होता. "येते."

मग दार. मग जिन्यावर तिच्या चपला, उतरत, उतरत. मग माइकच्या अगदी जवळ, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, कानोबाचा आवाज. "ये."

तिने दुसरी शांतता उघडली. येते, दार, चपला. "ये." तिसरी उघडली. त्यात तिला सर्दी झालेली होती. "येदे." आणि मागोमाग, जरासं हसून, "ये."

तिचा हात आपोआप टेबलाखाली गेला. पिशवी, डबा, रुमाल. तिने अडॅप्टर काढला, भिंतीत खोचला, दुसरं टोक हबला लावलं. बारीकशी गुणगुण सुरू झाली, डासाएवढी.

"सापडला," कानोबा डोळे मिटूनच म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"ही गुणगुण सकाळपासून नव्हती. आणि तुझा डबा आज टेबलावर ठेवताना वेगळा वाजला."

"मग बोलला का नाहीस?"

"मलाही घाई नव्हती."

थोरली आली ती पोटभर जेवलेल्या पाटलिणीच्या थाटात. एकदाही कुरकुरली नाही. घागर काठोकाठ भरली. कानोबाने धाकटी रीतसर सोडवून घेतली, झोळीत घातली, झोळी खांद्याला लावली, बॅग उचलली. चपला घालायला त्याला जरा जास्तच वेळ लागला.

"येतो," तो दारातून म्हणाला.

आता तिने फक्त 'ये' म्हणायचं होतं. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. ती उठली. हेडफोन डोक्यावरच होता, त्याची तार निसटून तिच्यामागून फरशीवर घसटत आली.

"येते," ती म्हणाली.

तो गोंधळला. "निघालीस? मी निघतोय ना?"

"दारातलं येते नव्हे रे." ती आता उघड हसत होती, ते कानांपर्यंत लाल झालेलं हसू. "तू विचारलं होतंस."

"तू ऐकलं नव्हतंस. हेडफोन होता."

कात्रीने ती तार उचलली आणि तिचं मोकळं, कुठेच न जोडलेलं टोक त्याच्या डोळ्यांसमोर धरलं.

"त्या दिवशीही असाच होता," ती म्हणाली. "मी सगळं ऐकलं होतं. येते मी, कानोबा. तुझ्याबरोबर येते."