पाच वाजताची घंटी

"टॉर्च हालाडू नको!" भटूनाना मशीनच्या पोटात मुंडकं घालून बायकोवर ओरडले.

"मी कोठे हालाडस? हातच हालस आते," रत्नाबाई म्हणाल्या. "आन् तो माइक घंटीजवळच कसाले?"

"तिले ऐकू येवाले पायजे."

'तिले' म्हणजे कोणाला, हे रत्नाबाईंनी विचारलं नाही. त्या घरात सहा वर्षांपासून 'ती' एकच होती.

मशीन पिनबॉलचं. जळगावात स्टेशनजवळ एक गेम पार्लर होतं, ते बंद पडलं तेव्हा हे धूड भंगारात निघालं होतं. नानांचं पंपाच्या मोटारी रिवाइंड करायचं, म्हणजे नवी तार भरायचं दुकान. जळालेली मोटार दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे, हे तर दिव्यांनी मढवलेलं आख्खं मशीन. त्यांनी ते हातगाडीवर घालून घरी आणलं, एकेक कॉइल नव्यानं भरली, बेअरिंगमधली गोळी टाकली आणि फुटक्या घंटीच्या जागी गावाकडून, असोद्याहून, वडिलांच्या बैलाच्या गळ्यातली पितळी घंटी आणून बसवली. काचेखाली गोळी धावायची, खांबांना धडकायची, घंटी ठणकायची. तळाशी दोन पात्या. डावं बटण दाबलं की डावी पाती गोळी वर उडवायची, उजवं दाबलं की उजवी. दोन्ही चुकल्या की गोळी खालच्या भोकात, खेळ खलास.

आता अडचण अशी, की नानांच्या डाव्या हाताला बोटं दोनच, अंगठा आणि करंगळी. मधली तीन पंपाच्या फिरत्या कपलिंगनं नेलेली. म्हणून उजवं बटण नानांचं आणि डावं त्यांच्या लेकीचं, सारिकाचं. पोर दुसरीत होती तेव्हापासून. पाच वाजता शाळा सुटली की दप्तर फेकायचं, केळीचा रिकामा क्रेट ओढायचा, त्यावर चढायचं, की झाला खेळ सुरू. "नाना, तुम्हनं!" "सारू, तुनं!" हा आरडाओरडा गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जायचा. पुढे ती कॉलेजात गेली, क्रेट लागेनासा झाला, पण पाचचा नेम काही मोडला नाही.

मोडला तो नानांनी. पोरीनं आपल्या मनानं लग्न केलं, जातीबाहेर, धुळ्याच्या मुलाशी. दोघं पाया पडायला आले तेव्हा नानांनी उंबऱ्यावरच सांगितलं, "परत तोंड दाखाडू नको." रत्नाबाईंनाही बजावलं, फोन केलास तर बघ. माणूस वाईट नव्हता हो. पण चार लोकांत मान खाली गेली हे एकदा डोक्यात बसलं ते बसलं. आणि त्यापुढे अडीच वर्षांपूर्वी एका दुपारी त्यांनी जे केलं, ते तर त्यांनी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, रत्नाबाईंनासुद्धा.

राग कधीच विरला होता. मागे उरलं ते मशीन आणि ते डावं बटण.

शेजारची सून चारुलता घरूनच मुलांच्या शिकवण्या घ्यायची, मोबाइलवर, थेट. ते पाहून नानांच्या डोक्यात किडा वळवळला. "सूनबाई, माझा खेळ असा दाखवता येईल का गं, थेट?" धुळं काही सातासमुद्रापलीकडे नाही, एसटीनं फार तर दोन-अडीच तास. पण तिच्या दाराशी जायची ज्याची छाती होत नव्हती, तो माणूस आपला खेळ साऱ्या जगाला दाखवायला निघाला. आता बोला!

आठ दिवस खटाटोप चालला. नळाच्या पाइपांची चौकट ठोकून एक फोन काचेवर उलटा टांगला. काचेत ट्यूबलाइट अशी चमकायची की गोळीच दिसेना, तेव्हा ट्यूब बंद करून वरून रत्नाबाईंची काळी छत्री उघडून बांधली. चारुलतानं जुना लॅपटॉप दिला आणि एक छोटा कॅमेरा आणला.

"हा तुमच्या चेहऱ्यावर लावू, नाना. कोपऱ्यात तुम्ही दिसाल."

"चेहरा नको. मी तिला तोंड दाखवू नको म्हणालो होतो. आता मीच माझं दाखवत बसू?"

"मग काय दाखवायचं?"

"डावं बटण."

चारुलतानं कॅमेरा डाव्या बटणावर लावला. लावता लावता म्हणाली, "नाना, पायानं दाबायचं बटण करून घ्या की. तुम्हाला काय अवघड आहे?"

"अवघड नाही गं. पण ते तिचं आहे."

चारुलतानं स्क्रीनवर बोट ठेवून समजावलं, "दोन गोष्टी ध्यानात ठेवा. इथलं तिकडे पोचायला पाऊण मिनिट लागतं. आणि हा डोळा काढलाय ना, त्याच्यापुढचा आकडा म्हणजे आत्ता किती जण बघताहेत."

त्या रात्री जेवताना नाना ताटाकडे बघत रत्नाबाईंना म्हणाले, "ती लिंक का काय म्हंतस, ती तुले वाटनं तं धाडी दे तिले." म्हणजे बायकोनं नंबर जपून ठेवलाय हे त्यांना सहा वर्षं ठाऊक होतं. रत्नाबाई "बरं" म्हणाल्या आणि ताक वाढायला उठल्या.

पहिले चार दिवस डोळ्यापुढे शून्य. बरोबर पाचाला नाना खेळ चालू करत, उजवं बटण दाबत आणि गोळी डावीकडून निघून जाई. पुन्हा गोळी, पुन्हा डावीकडून. रात्री त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. पाचव्या दिवशी शून्याचा एक झाला.

"रत्ना! दख, एक! एक दिसस!"

"हा, हा," स्वयंपाकघरातून आवाज आला. भांडी वाजत होती.

मग काय विचारता! नानांना वाचा फुटली. रोज पाच वाजता एकाचा आकडा यायचा आणि नाना बटण दाबता दाबता त्या एकाशी बोलत राहायचे. असोद्याचा आंबा यंदा मोहरला नाही. तुझ्या आईचे गुडघे दुखतात पण ती डॉक्टरकडे येत नाही. चारुलता चांगली पोर आहे, तुझ्यासारखीच फटकळ. गुरुवारी तेवढा शून्य असायचा. त्या दिवशी रत्नाबाईही दत्तमंदिरात गेलेल्या असायच्या, त्यामुळे घर अगदी खायला उठायचं. नाना स्वतःची समजूत घालायचे, गुरुवारी पोरीला काही काम असेल, घरसंसार आहे तिचा.

महिना सरला. एका सोमवारी नानांनी गोळी सोडली, घंटी ठणकली आणि गोळी डावीकडून गेली. त्यांनी दुसरी सोडली नाही. मशीनच्या काचेवर दोन्ही हात टेकून ते बोलायला लागले.

"सारू, त्या दिनले मी घरमाच व्हतू. तुनी माय असोदाले गयेल व्हती. बेल ऐकी मी. तीनदाव ऐकी. 'नाना, मी शे,' असं तू बोलनी, ते बी ऐकं. पोर रडे ते बी. मी खेळी राह्यनतू. दार उघाडं नही." त्यांनी कपाळ काचेला टेकलं. "मनं चुकनं, माय. मनं चुकनं."

मशीनचे दिवे आपले लुकलुकत होते.

आणि मग स्वयंपाकघरात घंटी ठणकली.

नानांनी दचकून मशीनकडे पाहिलं. गोळी भोकात पडलेली, घंटी स्थिर. पाठोपाठ स्वयंपाकघरातून त्यांचाच आवाज आला, खरखरीत, म्हाताऱ्या माणसाचा. "सारू, त्या दिनले मी घरमाच व्हतू..." चारुलता म्हणाली होती ते पाऊण मिनिट. रत्नाबाई रोज आवाज बारीक करून फोन कानाशी धरत. आज शब्द सुटू नयेत म्हणून त्यांनी तो वाढवला होता.

नाना दारात जाऊन उभे राहिले. रत्नाबाई ओट्यापाशी पाटावर बसल्या होत्या. मांडीवर फोन, फोनवर छत्रीखालचं मशीन, रिकामं डावं बटण. फोनमधले नाना अजून बोलत होते. माफीचं 'मनं चुकनं' आलं, आणि ते बोलणारा माणूस समोर उभा असताना रत्नाबाईंनी मान वर केली. डोळे वाहत होते.

"रोज तूच व्हती?"

"शून्य दिसनं का तुम्हना घास उतरे ना," त्या म्हणाल्या. मग एकदम त्यांचा आवाज चढला. "ती दारशी येल व्हती? मनी नात लिसन येल व्हती, आन् तुम्ही माले सांगं बी नही?"

नाना तिथंच उंबऱ्यावर बसले. लेकीला घराबाहेर ठेवताना आपण या बाईलाही तिच्या पोरीपासून तोडलं, हे त्यांना सहा वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. आत्ता सुचलं, आणि मान वर करवेना.

मग त्यांनी विचारलं, "लिंक धाडी व्हती का नही?"

"पहिल्याच दिनले धाडी."

"मंग? काय बोलनी ती?"

"ऐकू नका. माले बी तवय समजनं नही. आज समजनं."

"ऐकू दे."

रत्नाबाईंनी फोनवर बोट फिरवलं. सारिकानं तेव्हा रेकॉर्ड करून पाठवलेला आवाज आला. अडीच वर्षांनी. जरा जाड झालेला, थकलेला, पण तिचाच.

"आई, परत धाडू नको. माले ती घंटी ऐकवत नही. दारबाहेर पोरले कडेवर लिसन मी तीच ऐकत उभी व्हतू."

एवढंच. नानांनी ते पुन्हा लावायला सांगितलं नाही. घंटीपाशी माइक बसवायला त्यांनी अख्खी दुपार घालवली होती. पोरीला लांबून ओळखू यावी, जुने दिवस आठवावेत, म्हणून. त्या पितळेच्या आवाजात तिला काय ऐकू येत असेल, हे त्यांच्या मनात आलं नव्हतं. त्यांनी तोंडावर पंचा धरला आणि मोकळेपणी रडले, बायकोसमोर, पहिल्यांदाच.

"मी धुळे जाऊ का?"

"जा."

"तिनी दार नही उघाडं तं?"

रत्नाबाई उठल्या, गुडघ्यावर हात देऊन. "तं उभं राहा. ती बी उभी व्हती."

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी मशीन उघडलं, स्क्रू ढिले केले आणि घंटी काढली. चारुलताला हाक मारून सांगितलं, "आज पाचला नाही गं काही." रत्नाबाईंनी घंटी चिंचेनं घासून लखलखीत केली आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून पिशवीत ठेवली. पोरीनं विचारलं तर दाखवता येईल, काढली म्हणून. नातीला आवडली तर खेळायला होईल. शेवेचा एक पुडा ठेवला, लहान मुलीचा एक फ्रॉक ठेवला. फ्रॉक केव्हा आणून ठेवला होता हे नानांनी विचारलं नाही.

तू येत नाहीस का, असं त्यांनी बायकोला डोळ्यांनीच विचारलं. "पहिले तुम्ही जा," त्या म्हणाल्या. "मी आते फोन करसू तिले. कोनले न विचारता."

एसटी धुळ्याला पोचली तेव्हा ऊन तापलं होतं. पत्ता रत्नाबाईंनी वहीच्या कागदावर लिहून दिलेला. तिसरा मजला. नाना कठड्याला धरून जिना चढले. दारावर लहान मुलाच्या हाताचे रंगीत छाप होते, कागदावर काढून चिकटवलेले. आतून टीव्हीचा आवाज येत होता, कोणीतरी पळत होतं, हसत होतं.

त्यांनी बेल वाजवली. टीव्ही बंद झाला.

पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. दाराला पाहायचं भिंग होतं. नानांनी टोपी काढून हातात घेतली, म्हणजे चेहरा नीट दिसावा.

"सारू, मी शे."

जरा थांबून त्यांनी परत बेल वाजवली. आणखी जरा थांबून तिसऱ्यांदा. चौथ्यांदा वाजवायला हात उचलला नाही.

"आई, कोन आलं?" आत छोटा आवाज विचारत होता, अगदी दाराशी.

"कोणी नाही, बेटा. चल, वरण गार होतंय."

पावलं आत गेली.

नाना उभे राहिले. रत्नाबाईंनी सांगितलं होतं, उभं राहा. पाय दुखायला लागले तरी भिंतीला टेकले नाहीत. आत ताट-वाटीचा आवाज झाला, नळ सुटला, नळ बंद झाला. समोरच्या दारातून एक बाई बाहेर आल्या, कचऱ्याची बादली हातात.

"कोण पाहिजे, आबा? सारिकाकडे आलात का?"

नानांनी टोपी घातली. पोरीला या इमारतीत राहायचं होतं, या बाईंच्या समोर रोज.

"कोणी नाही, ताई. वरच्या मजल्यावर काम होतं. दम लागला म्हणून थांबलो."

बाई खाली गेल्या. नानांनी पिशवीतून शेवेचा पुडा आणि फ्रॉक काढला आणि दाराच्या कडीला रुमालात बांधून अडकवला. पिशवीत आता फक्त घंटी राहिली. लुगड्याचा तुकडा सुटला होता, आणि पहिल्याच पायरीवर ती किणकिणली.

ते जागीच थांबले. मग डावा हात पिशवीत घालून त्यांनी अंगठा आणि करंगळीत घंटीचा लोलक घट्ट धरला, आणि तीन मजले तसेच, आवाज न करता, उतरून गेले.