ॲनाच्या नावाची पेटी

मी पेटी बोलतेय. शाळेच्या व्हरांड्यातल्या काचेच्या कपाटात, मुलांनी जिंकलेल्या कपांशेजारी ठेवलेली लाकडी पेटी. माझ्या झाकणावर ‘ॲना’ असं रंगवलंय. त्या नावाचा मला आता राग येतो.

स्लोव्हाक डोंगरातल्या एका सुताराने मला थोरल्या मुलीसाठी, ॲनासाठी बनवलं. तिला अमेरिकेचा परवाना मिळाला होता. निघायला दोन महिने असताना ती तापाने गेली. दुसरा परवाना कुठला मिळायला! बापाने धाकट्या वेरोनाला समोर बसवलं आणि म्हणाला, "आजपासून तूच ॲना." वेरोनाने बहिणीच्या मृत्यूचा दाखला माझ्या अस्तराखाली शिवून टाकला. बहिणीची तेवढीच खूण तिच्याजवळ होती.

पेनसिल्व्हेनियातल्या या पोलादाच्या गावात ती साठ वर्षं ॲना म्हणून राहिली. लोकांचे कपडे धुतले, पाच मुलं वाढवली. थडग्यावरही बहिणीचंच नाव आहे.

तिचा नातू, हुदाक सर, इथे पाचवीला इतिहास शिकवतो. रांगायचा तेव्हापासून त्याला पाहिलंय, म्हणून अरेतुरे करते. दर मे महिन्यात तो ‘स्थलांतर दिन’ करतो. त्या दिवशी व्यायामशाळेचं बंदर बनतं. मुलं आजीचे रुमाल, आजोबांच्या टोप्या घालून येतात, पालक बंदरावरचे अधिकारी होऊन डोळे तपासतात. ज्याच्या कोटावर खडूची फुली पडेल त्याने ‘परत’ लिहिलेल्या बाकावर पाच मिनिटं बसायचं. मग सगळ्यांनी नागरिकत्वाची शपथ घ्यायची आणि केक खायचा. सर मला उंच धरून सांगतो, "माझी आजी रांगेत उभी राहून, कायद्याने आली. असं यायचं असतं."

गेल्या वर्षी या खेळात ॲनाची भूमिका यसेनियाला मिळाली. तिचा बाप विल्मर होंडुरासचा, घरांची छपरं घालणारा. मार्चमध्ये सराव म्हणून तिने मला घरी नेलं. माझं अस्तर लोंबत होतं. स्वयंपाकघराच्या टेबलावर मला ठेवून विल्मर ते नीट करू लागला, तेव्हा दाखला बाहेर पडला. त्याला ती भाषा येत नव्हती. दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी तो मला आणि तो कागद घेऊन शाळेत आला.

"सर, हा अस्तरात सापडला. जुना दिसतोय. तुमच्या घरातला असेल, सांभाळा."

सरने नाव वाचलं, मृत्यूची तारीख वाचली. मान लाल झाली. आभार मानून त्याने कागद खिशात घातला. तो कागद मला पुन्हा दिसला नाही.

नऊ दिवसांनी विल्मरला कामाच्या वाटेवर पकडलं. राहण्याचे कागद नव्हते. वकील म्हणाला, गावातल्या चार प्रतिष्ठितांची पत्रं मिळाली तर न्यायाधीश विचार करतील. शाळा सुटल्यावर यसेनिया वर्गातच थांबली.

"सर, बाबांबद्दल दोन ओळी लिहाल? माणूस चांगला आहे, एवढंच."

"बाळ, तुझे बाबा भलेच आहेत गं. पण रांग मोडून आलेल्यासाठी मी सही कशी करू? माझी आजी..."

"रांगेत उभी होती. माहितीये, सर."

मी तिथेच टेबलावर होते. मला माझ्या फळ्यांची लाज वाटली.

महिनाभरात विल्मरला परत पाठवलं. पुढच्याच आठवड्यात स्थलांतर दिन आला. यसेनिया मला घेऊन अधिकाऱ्याच्या टेबलापाशी गेली. तिथे कुणाची तरी आई कागदी बिल्ला लावून बसली होती.

"बोला, ॲनाबाई, कुठून आलात?"

यसेनियाने मला खाली ठेवलं. बाईंच्या हातातला खडू घेतला, स्वतःच्याच कोटावर फुली मारली आणि बाकावर जाऊन बसली. शपथ झाली, केक कापला, तरी ती उठेना. शेवटी सर आला.

"ऊठ गं. खेळ संपला."

"मग बाबांना फोन करून तसं सांगू, सर?"

सर केकच्या टेबलाकडे निघून गेला.

जूनमध्ये त्याने मला या कपाटात ठेवलं. खाली पाटी आहे: ‘ॲना, १९२६. कायदेशीर मार्गाने आली.’ मुलांनो, त्या पाटीवर विश्वास ठेवू नका. वेरोनाच्या बोटीवर तिच्या गावची चार माणसं होती. ॲनाच्या मातीला ती चौघंही गेली होती. बंदरावर अधिकाऱ्याने वेरोनाला नाव विचारलं, तेव्हा ती चौघं तिच्या पाठीमागेच उभी होती. एकानेही तोंड उघडलं नाही. ती चौघं गप्प राहिली म्हणून हा हुदाक सर इथे जन्मला.